‘एक कप स्ट्राँग कॉफी’ म्हणजे नेमकी किती?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘घरच्या घरी कॉफी कॉकटेल’ या मथळ्याखाली अर्धं पान मजकूर आला होता. फोटो छान होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार कृतीबद्दल आहे. ‘एक कप स्ट्राँग कॉफी, एक पेग व्होडका, कॉफी लिक्युअर चवीनुसार, भरपूर बर्फ. शेक करून सर्व्ह करा.’ (लिक्युअर म्हणजे कॉफीच्या स्वादाची गोड दारू.) एवढ्यात एस्प्रेसो मार्टिनी उरकली आणि खाली टीप दिली, की एस्प्रेसो मशीन नसेल तर हे पेय घरी जमत नाही.

मी त्याच संध्याकाळी ते छापल्याबरहुकूम करून पाहिलं. आमच्या घरचा चहाचा कप दीडशे मिलीचा. पेग स्मॉल की लार्ज, ३० की ६०, ते दिलेलं नव्हतं म्हणून मधलं ४५ धरलं. लिक्युअर ‘चवीनुसार’ वीस मिली. त्यात बर्फाचं पाणी. हाती आलं ते अडीचशे मिलीच्या वर मातकट काहीतरी, आणि फेस नावालाही नाही. आमच्या ह्यांनी दोन घोट घेतले आणि विचारलं, “यात काय घालायचं राहिलं?” काही राहिलं नव्हतं, पाणी जास्त झालं होतं.

मी सातपूरला एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये २७ वर्षं नोकरी केली. निवृत्तीच्या दिवशी लॅबमधल्या मुलींनी साडी-नारळाबरोबर थट्टेने शंभर मिलीचा मेजरिंग सिलिंडर दिला. तो आता माझ्या ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी उभा असतो. तेव्हा हे पत्र लॅबच्या वहीसारखं झालं तर सांभाळून घ्यावं.

आधी एक दुरुस्ती. मजकुरात या पेयाला ‘इटलीचं पारंपरिक पेय’ म्हटलं आहे. ते इटलीचं नाही आणि पारंपरिक तर मुळीच नाही. लंडनच्या डिक ब्रॅडसेल नावाच्या बारटेंडरने ते १९८०च्या दशकात केलं. एका तरुणीने त्याला ‘झोपही उडाली पाहिजे आणि चढलीही पाहिजे’ असं काहीतरी मागितलं होतं म्हणे. त्याने ठेवलेलं नाव साधं होतं, व्होडका एस्प्रेसो. मार्टिनी हे शेपूट ग्लासच्या आकारामुळे नंतर चिकटलं. खऱ्या मार्टिनीतल्या जिनचा आणि व्हर्मूथ या मसालेदार वाइनचा त्यात थेंब नसतो. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनचं माप आहे : व्होडका ५० मिली, कॉफी लिक्युअर ३०, साखरेचा पाक १० आणि एक एस्प्रेसो. एक एस्प्रेसो म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेली साधारण ३० मिली दाट कॉफी. आपला ‘एक कप’ त्याच्या पाचपट. सगळा घोटाळा इथेच झाला.

आता मशीनचं. माझ्याकडे मशीन नाही आणि घेणारही नाही. आमच्या भांडी बाजारातून आणलेला स्टीलचा कॉफी फिल्टर आहे, एकावर एक बसणारे दोन पेले, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं आणि आत छत्रीसारखी दांडीची चकती. समोरच्या फ्लॅटमधल्या म्हैसूरच्या काकूंनी तो वापरायला शिकवला. मी सुरुवातीला पावडर चमच्याने ठासून भरायचे, तर डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरायचंच नाही, आणि मग वैतागून फिल्टर ओट्यावर आपटला की गाळासकट सगळं खाली. काकू म्हणाल्या, पावडर नुसती सपाट करायची, चकती टेकवायची, उकळी आलेलं पाणी मिनिटभर थांबवून बारीक धारेने ओतायचं आणि फिल्टरकडे पाठ करून बसायचं. मी २५ ग्रॅम पावडरीवर १०० मिली पाणी घालते. पावडर स्वतःच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिऊन टाकते, त्यामुळे खाली ५०-५५ मिलीच येतं, तेही अर्ध्या तासाने. पण ते डिकॉक्शन असं येतं की चमचा काढला तर त्यावर काकवीसारखा तपकिरी थर राहतो. त्यातलं ३० मिली म्हणजे माझा ‘एक एस्प्रेसो’. मशीनमधल्यासारखा दाब नाही, वरची सोनेरी साय नाही, हे खरं. पण दाटपणा आहे आणि कॉकटेलला तोच लागतो, कारण पुढे बर्फ त्याला पातळ करणारच असतो.

किती पातळ करतो, तेही मोजलं. शेक करण्याआधी मिश्रण ९५ मिली होतं, पंधरा सेकंद हलवून गाळल्यावर १२१ भरलं. म्हणजे मूळ मिश्रणाच्या साधारण पाव हिस्सा पाणी बर्फाचंच. फ्रीझरमधून काढलेला बर्फ ताटलीत सुटायला लागला असेल तर याहून जास्त. म्हणून बर्फ अगदी शेवटी काढायचा, आणि तोही हलवायचा डबा अर्धा भरेल इतका. चारच खडे टाकले तर ते विरघळून जातात आणि पेय गारही होत नाही. ‘भरपूर बर्फ’ हे आपण बरोबर लिहिलं होतं, फक्त का ते सांगायला हवं होतं, कारण बर्फ कमी घातला की पेय कडक राहतं असंच बहुतेकांना वाटतं.

पावडर घेताना पाकिटावरचं चिकोरीचं प्रमाण वाचावं. ते छापणं बंधनकारक आहे, आणि निम्म्याहून थोडी कमी, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी कायद्याने चालते. ती कॉफी नव्हे, एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिच्यात कॅफिन नाही, पण रंग आणि दाटपणा भरपूर. दुधाच्या कॉफीत ती खपून जाते. बर्फात मात्र तिचा जळकट कडूपणा वर येतो, निदान माझ्या जिभेला. व्होडकासाठी मी बिनचिकोरीची चिकमंगळूरची पावडर आणते. रम असेल तर ८०-२० (८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी) चालते, किंबहुना बरी लागते. रमचा आणि चिकोरीचा करपटपणा एकमेकांना सावरून घेतो.

लिक्युअरची बाटली महाग, आणि वर्षातून आठ वेळा लागणारी. म्हणून मी कॉफीचा पाक करून ठेवते : ५० मिली डिकॉक्शन, ५० ग्रॅम साखर, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच, उकळायचं नाही. खाली उतरवल्यावर व्हॅनिला इसेन्सचे चार थेंब आणि मिठाची कणी. मीठ विसरू नये, त्याने कडूपणाची धार बोथट होते. हा पाक फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतो. यात दारू नसल्यामुळे तो नातवाच्या आइस्क्रीमवर जातो आणि तो तसा संपतोही लवकर.

आता हलवण्याबद्दल, कारण तिथे मी मार खाल्लेला आहे. पहिल्यांदा लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत गरम डिकॉक्शन, व्होडका आणि बर्फ घालून झाकण घट्ट लावलं. तीन-चार वेळा हलवलं असेल. बरणी बुडाशी तडकली आणि झाकण उडालं, दोन्ही एकदमच. ओट्यावर, मिक्सरवर, ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आणि छतावर कॉफी. छतावरचा डाग अजून आहे, दिवाळीला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याने विचारलं, “मॅडम, वर गळती आहे का?” लॅबमध्ये गरम काच थंड पाण्याखाली धरणाऱ्या नव्या मुलींना मी किती बोलले असेन! घरी आल्यावर अक्कल बहुतेक गेटवरच्या रजिस्टरमध्ये ठेवली होती. तर डिकॉक्शन आधी पूर्ण गार करायचं आणि काच वापरायची नाही. मुलाचा जिमच्या दिवसांतला प्रोटीन शेकर आहे, तो वापरते.

तोही नसेल तर रवी आहे. खरंच सांगते. उभट पातेल्यात बर्फ, डिकॉक्शन, पाक आणि व्होडका घालून ताक घुसळतो तशी तळहातांत रवी फिरवायची, मिनिटभर. बर्फ पातेल्याच्या कडांना खडखड आपटतो, आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते बारीक होत जातात आणि रवीच्या पाकळ्यांना फिकट तपकिरी फेस धरायला लागतो. थेट गाळणीतून ग्लासात ओतायचं. फेस मागाहून येतो आणि वर बसतो. आजेसासूबाईंची शिसवी रवी आहे ही. तिने आयुष्यभर लोणी काढलं आणि म्हातारपणी हे काम लागलं.

फिल्टरच्या गार डिकॉक्शनला मशीनच्या ताज्या एस्प्रेसोइतका फेस येत नाही, कारण ताज्या एस्प्रेसोत अडकलेला वायू असतो, तो आपल्यात नसतो. त्यावर दोन उपाय मी करून पाहिले. एक, अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी वरून टाकणे. तिला घुसळलं की फेस येतोच, आपली सगळ्यांची फेटलेली कॉफी आठवा. दुसरा उपाय काबुली चण्याचा. चणे बिनमिठाचे शिजवले की जे पिवळसर चिकट पाणी उरतं ते १५ मिली. परदेशात अंड्याचा पांढरा बलक घालतात, त्याच्या जागी हे. वास राहत नाही, फेस दाट आणि टिकाऊ. शनिवारी छोले केले की रविवारी कॉकटेल, असा आमच्याकडे नियमच झाला आहे.

वर तीन कॉफीबिया ठेवायची पद्धत आहे. मी ठेवत नाही, त्या दाताखाली येतात. मी जायफळ घालते, किसणीवर दोनदा घासून, बस्स. माझ्या आईच्या घरी कॉफी म्हणजे एकादशीला किंवा पाहुण्यांना, भरपूर दुधाची, जायफळ घातलेली. जुन्या नाशकात आमच्या वाड्यात तो वास आला की कोणाकडे तरी पाहुणे आलेत हे कळायचं. ब्रँडी आणि क्रीमच्या ब्रँडी अलेक्झांडर नावाच्या कॉकटेलवरही जायफळच किसतात, हे मला फार नंतर समजलं. आईला हे सांगितलं असतं तर तिने कान धरला असता.

प्रत्येकाचं वेगळं करता येतं, हीच तर घरी करण्यातली मजा. ह्यांना गोड नको, म्हणून पाक १० मिलीच. सून पुण्याहून येते, तिला १५ आणि वर संत्र्याच्या सालीचा पिळा. साल ग्लासावर धरून दुमडायची, तेलाचा फवारा उडालेला दिसतो, मग त्याच सालीने ग्लासाची कड पुसायची. मुलाला व्होडका बेचव वाटते, त्याच्यासाठी ओल्ड मंक ४५ मिली, डिकॉक्शन ३० आणि साखरेऐवजी काकवी १० मिली. काकवी रमशी इतकी जमते याचं नवल नको, दोघींचं माहेर उसातच. आपल्याकडच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, परदेशी कृती ४० टक्क्यांची धरून लिहितात. म्हणून मी ५० ऐवजी ४५ वर थांबते. एक सावधगिरी : गूळ किंवा काकवी घातली असेल त्यात दूध-क्रीम घालू नये, फाटतं. आमच्याकडे एकदा वर चोथा, खाली पाणी असं रमचं पनीर झालेलं आहे.

नणंदबाई घेत नाहीत. त्यांना आधी नुसतं सरबत मिळायचं आणि त्या कोपऱ्यात बसायच्या. आता उंच ग्लासात बर्फ, १२० मिली टॉनिक वॉटर (कडसर-गोड सोडा), मोसंबीचा रस दोन चमचे आणि वरून अगदी सावकाश ३० मिली डिकॉक्शन. कॉफी शेवटीच. आधी कॉफी घालून वर टॉनिक ओतलं तर फेस ग्लासाबाहेर येऊन टेबलक्लॉथवर. नीट ओतलं की वर काळं, खाली पिवळसर, मध्ये धुरासारखे पट्टे. परवा त्यांच्याच ग्लासाचा फोटो काढला गेला, आमच्याकडे कोणी पाहिलंही नाही. आपल्या अर्ध्या पानात दारूविना एकही कृती नव्हती, ही माझी दुसरी तक्रार.

फसलेलंही सांगते. आगळ आणि कॉफी : ह्यांच्या शब्दांत ‘सोलकढी चहाला जाऊन आली’. आणि वाइन. नाशिकला राहून वाइनमध्ये काही करून बघितलं नाही असं कसं चालेल? सुलाची पहिली वाइन २००० साली आली तेव्हा आम्ही गंमत म्हणून बाटली आणली होती, आज गंगापूर धरणाच्या बाजूला पाहुण्यांना फिरवून आणणं हा आमचा घरचा कार्यक्रम आहे. तर शिराझ या लाल वाइनमध्ये कॉफी घातली. जीभ चामड्यासारखी झाली. वाइनचा तुरटपणा आणि कॉफीचा कडूपणा एका ग्लासात नांदत नाहीत. गोड पोर्ट वाइन ६० मिली, डिकॉक्शन १५ आणि मोठा बर्फ, हे मात्र चांगलं लागलं. उरलेली शिराझ मटणात गेली.

थंडीत, निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या आपल्या पहिल्या पानावर यायला लागल्या की आयरिश कॉफी. ही जो शेरिडन नावाच्या शेफने आयर्लंडमधल्या फॉइन्सच्या विमानतळावर १९४३च्या हिवाळ्यात परत फिरलेल्या विमानाच्या गारठलेल्या प्रवाशांसाठी केली. पुढे १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युएना व्हिस्टा कॅफेने ती उचलली, तर त्यांचं क्रीम सारखं बुडायचं. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण माझंही बुडायचं. माझं कारण साधं निघालं. आपल्या दुकानातलं रोजचं क्रीमचं पाकीट २५ टक्के फॅटचं, ते फेटून धरत नाही. ३० टक्के तरी लागतं. आणि कॉफीत साखर हवीच, दोन चमचे. बिनसाखरेच्या कॉफीवर क्रीम सहज तरंगत नाही. क्रीम कडक फेटायचं नाही, चमच्यावरून संथ ओघळेल इतकंच, आणि चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून सोडायचं. व्हिस्की ४०, गरम कॉफी १२०. इथे डिकॉक्शन नको, नेहमीची बिनदुधाची कॉफीच. म्हणजे ‘एक कप’ हे शब्द ज्या एका कृतीत चालले असते, ती आपण छापलीच नाहीत.

आणखी दोन गोष्टी त्या पानावर हव्या होत्या. महाराष्ट्रात असली कडक दारू घ्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवाना लागतो. माझा आजीवन परवाना आहे. तो काढला तेव्हा भिशीतल्या मैत्रिणींना हसू आवरेना, मग त्यातल्या तिघींनी अर्ज कुठे मिळतो ते विचारलं. दुसरी गोष्ट, कॉफीने नशा उतरत नाही. झोप तेवढी उडते, रक्तातलं अल्कोहोल तेवढंच राहतं आणि माणसाला उगाच वाटतं की आपण ठीक आहोत. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती कॉफीचा कप पाहून सैल होत नाही. मुलगा आमच्याकडे ही पेयं घेतो त्या रात्री मुक्कामालाच असतो. मी स्वतः रात्री आठनंतर घेत नाही. एकदा घेतली आणि पहाटे तीनला कपाट आवरत होते.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी चौकटीत दुरुस्ती द्यावी. मजकूर मीच देते, आपल्याला शोधायला नको : गार केलेलं दाट डिकॉक्शन ३० मिली (२५ ग्रॅम पावडर, १०० मिली पाणी), व्होडका ४५ मिली, कॉफीचा पाक १५ मिली, हलवायचा डबा अर्धा भरेल इतका बर्फ, पंधरा सेकंद हलवणं. मशीन लागत नाही.

फोटो मात्र तेच ठेवावेत.

आपली,
रोजचा अंक शेवटच्या पानापासून वाचणारी एक वाचक,
महात्मानगर, नाशिक
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, छापू नये. भिशी आमच्याच सोसायटीत असते.)